वाय-फाय एक्स्टेंडरला कायमचा पत्ता देताना : माझा अनुभव

आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. राउटर समोरच्या खोलीत आणि जनावरांचा कोठा पार मागे. मधल्या जाड मातीच्या भिंतींमुळे कोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत सिग्नल पोहोचत नसे, म्हणून माजघरात एक्स्टेंडर लावला. तो काम चोख करी, पण लाइन जाऊन आली की त्याचे सेटिंगचे पान पुष्कळदा सापडत नसे. त्याच्या वाय-फायचा पासवर्ड बदलायला बसलेला पुतण्या म्हणाला, “काकाजी, काल याच नंबरवर उघडलं होतं, आज उघडूनच नाही राहिलं.”

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, ठरावीक मुदतीसाठीच पत्ता (आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा नंबर) देतो. वीज जाऊन आल्यावर एखादा मोबाईल आधी जोडला गेला, तर एक्स्टेंडरचा कालचा पत्ता आज त्या मोबाईलकडे जाऊ शकतो. भारनियमनाच्या गावात हे वारंवार घडणारच. त्यामुळे पत्ता कायमचा ठरवून देणे हाच खरा उपाय होता.

मात्र मनाला येईल तो पत्ता देऊन चालत नाही. आमचा राउटर १९२.१६८.१.१ वर होता आणि १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंतचे सगळे पत्ते वाटपात होते. त्यांतलाच एक एक्स्टेंडरला दिला असता, तर तोच पत्ता राउटरने पुढे दुसऱ्या उपकरणाला देण्याची आणि दोन्ही अडखळण्याची शक्यता होती. म्हणून आधी राउटरमध्ये जाऊन वाटपाची कक्षा शेवटचा आकडा १०० ते २०० एवढीच केली. शेजाऱ्यांच्या राउटरचाही आकडा हाच असला तरी बिघडत नाही, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असून ते ज्या त्या घरापुरतेच असतात.

मग जोडलेल्या उपकरणांच्या यादीत एक्स्टेंडर शोधला. त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीत बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची स्वतःची ओळख, छापलेला असतो; यादीतली नोंद त्यावरूनच ओळखायची. अक्षरे इतकी बारीक, की बॅटरीच्या उजेडात वाचावी लागली. सध्याचा पत्ता कळताच त्याच्या पानावर जाऊन ‘स्टॅटिक आयपी’ निवडले आणि पत्ता १९२.१६८.१.२५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असे भरले. एक्स्टेंडरचे स्वतःचे डीएचसीपी बंद ठेवले, कारण एका घरात पत्ते वाटणारा एकच असावा. ‘सेव्ह’ दाबल्यावर पान गोठल्यासारखे होते, त्याने घाबरू नये. एक्स्टेंडर नव्या पत्त्यावर गेलेला असतो आणि ब्राउझर जुन्यावरच वाट पाहत असतो. नवा पत्ता टाकताच पान उघडले. त्यानंतर मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तरी ते त्याच पत्त्यावर उघडले आणि कोठ्यातला कॅमेराही दिसू लागला.

ज्यांच्या एक्स्टेंडरमध्ये ही सोय नसेल, त्यांनी राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ आहे का ते पाहावे. तिथे एक्स्टेंडरच्या मॅक पत्त्यासमोर हवा तो आकडा राखून ठेवला, की राउटर दर वेळी त्याला तोच पत्ता देतो.