तुम्ही विचारलंत म्हणून: तात्यांचा कागद

'तात्या चालते-बोलते असताना त्यांच्यापुढे शेवटच्या उपचारांचा असला विषय काढायला तुमची जीभ कशी रेटली?' डायलिसिसबाहेरच्या बाकावर, सोयऱ्यांत, सगळीकडे मला हेच विचारतात. तात्या म्हणजे माझे वडील.

दीड वर्ष रेटली नाहीच. पण आत्याचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढून हलत नव्हते. फुफ्फुसं गेली होती, व्हेंटिलेटर लावलेला. काचेबाहेर तिची तीन मुलं, तिघांची तीन मतं. तिला स्वतःला काय हवं होतं, ते एकालाही ठाऊक नव्हतं. ती भावंडं आजही एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत.

तात्यांनी जन्मभर यंत्रमागावर चादरी विणल्या. आता दोन्ही किडन्या निकामी; आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुई टोचलेली. एकदा परतताना रिक्षात मी एवढंच विचारलं, "तात्या, उद्या तुम्हाला बोलता नाही आलं, तर तुमच्या वतीनं मी काय सांगू?" सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव मागे पडेपर्यंत ते गप्प होते. मग बोलायला लागले, ते घर आलं तरी थांबेनात. माणसं ओळखतोय, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला खुर्चीत बसवता येतंय, तोवर डायलिसिस करा. शुद्ध परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर घशात नळी नको. "पण दुखू देऊ नका गं." मरणापेक्षा त्यांना वेदनेची धास्ती होती, हे मला त्या दिवशी कळलं.

आई भडकली. वास्तू तथास्तु म्हणते, असलं अभद्र बोलू नये म्हणाली. तिला चूक कसं म्हणू?

कागदाचं म्हणाल तर अवघड नाही. आपल्याला बोलता येईनासं झालं तर कुठले उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हा कागद, म्हणजे 'लिव्हिंग विल'. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली हा हक्क मान्य केला आणि 2023 साली पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीचं किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. यात इंजेक्शन देऊन मारणं वगैरे काही नाही. स्वतःचा निर्णय सांगता येतोय तोवर पेशंटच्या तोंडचंच ऐकतात; त्यानंतरही उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात.

अवघड होतं ते नाव लिहिणं. आपल्या वतीनं बोलायला तात्यांनी दादाला नाही, मला निवडलं. "तो माझ्यासाठी भांडेल. तू माझं ऐकशील." दादाला ते लागलं, अजूनही लागतं. पुढे कागदात त्याचंही नाव घातलं; एकाहून जास्त नावं चालतात.

आणि हो, कागद बदलता येतो. 'शेवटी घरीच ठेवा' असं तात्यांनी लिहिलं होतं. आईचे गुडघे गेल्यावर त्यांनी नवा कागद करायला लावला, पुन्हा साक्षीदार, पुन्हा नोटरी. त्यात लिहिलंय, 'दवाखान्यात ठेवलं तरी चालेल, हिच्यानं आता उठवत नाही.' आईनं तो कागद स्वतःच्या हातानं देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला.