पैरा कसा फेडायचा?

गगनबावडा तालुका, ७ जुलै

चार दिवसांच्या सलग पावसानंतर आज चूल तीनदा विझली. माळ्यावर रचलेली लाकडेही दमट झाली आहेत. फुंकणीने फुंकून डोळ्यांना धार लागली, तेव्हा हिने काही न बोलता गॅस पेटवला. तो सिलिंडर कोल्हापूरहून ५५ किलोमीटर चढून येतो, हे दोघांनाही ठाऊक असल्याने कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

निवृत्तीनंतर स्वावलंबी जगायचे म्हणून वडिलोपार्जित १० गुंठ्यांवर येताना मी वहीत मांडलेला हिशेब अजून आहे: माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ धरला, तर दोघांना वर्षाला २९० किलोच्या वर लागतो आणि भात भरडल्यावर साधारण दोन तृतीयांशच तांदूळ हाती येत असल्याने सुमारे साडेचार क्विंटल भात पिकायला हवे. गेल्या वर्षी तीन क्विंटल झाले, कारण बांधाकडेच्या दोन वाफ्यांत गवे रात्रभर चरून गेले. घरचा तांदूळ आठ महिने पुरला. मीठ, काडेपेटी आणि विळ्याचे लोखंड त्या हिशेबात मी धरलेच नव्हते.

हे सारे मान्य करणे सोपे आहे. पैऱ्याचे मात्र सोपे नाही. ज्याला मी स्वावलंबन समजत होतो, ते इथल्या कोणत्याच घरात नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपे, उपटून लावायला आज माझ्या शेतात चार घरची माणसे येतात, उद्या त्यांच्या शेतात मी जायचे, असा हा पैऱ्याचा व्यवहार. गेली दोन वर्षे मी पेन्शनमधून मजुरी देऊ केली आणि शेजारच्या तात्यांनी दोन्ही वेळा ती घेतली, पण घेताना त्यांचा चेहरा उतरला होता.

आज संध्याकाळी ते ओट्यावर बसून म्हणाले, "गुरुजी, तुमची कंबर वाकत न्हाई. पैरा फेडणार कसा?" मी गप्पच राहिलो. मग तेच म्हणाले, "आमच्या चार घरांची ई-पीक पाहणी तुमीच भरा. आमास्नी त्यो मोबाईल जमत न्हाई."

उद्या आमची लावण आहे. ही पाहणी, म्हणजे सरकारच्या मोबाईल ॲपवर आपल्या पिकाची नोंद, ऑगस्टमध्ये भरायची आणि त्यासाठी प्रत्येकाच्या शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. म्हणजे जळवा झाडत चारही घरांचे बांध मला तुडवावे लागणार आहेत. गुडघ्यापर्यंतचे बूट आणायला हवेत, तेही कोल्हापूरहूनच.