तीन नोड, दोन यूपीएस आणि आर्द्रेतली एक रात्र

मागच्या नोंदीत क्लस्टर (एक बंद पडला तरी दुसऱ्यानं काम उचलावं म्हणून एकत्र बांधलेले तीन संगणक, त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड) उभा राहिला, तिथं थांबलो होतो. त्यानंतर मृग सरला, आर्द्रा बरसून गेली आणि पाऊस आमच्या फोंड्यात जसा पडतो तसा पडला. या दीड महिन्यात जे शिकलो ते आधीच्या सहा महिन्यांत शिकलो नव्हतो, म्हणून ही नोंद लांबणार आहे.

जुळणी थोडक्यात सांगतो. जुन्या बाजारातले तीन छोटे डेस्कटॉप, प्रत्येकात ३२ जीबी रॅम, प्रत्येकी ४८० जीबीच्या दोन सर्व्हर दर्जाच्या एसएसडी. वर प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेले संगणक) चालवणारी प्रणाली. आत सेफ, म्हणजे डेटाच्या प्रती तिन्ही नोडच्या डिस्कवर ठेवणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक यंत्रात दोन पोर्टांचं १० गिगाबिटचं कार्ड असून तिन्ही यंत्रं एकमेकांना थेट केबलींनी जोडली आहेत. तीन नोडना तीन केबली पुरतात, १० गिगाबिटचा स्विच विकत घ्यावा लागत नाही. नोड एकमेकांना जिवंत असल्याचे संदेश ज्यातून पाठवतात त्या कोरोसिंकसाठी वेगळा १ गिगाबिटचा साधा स्विच ठेवला आहे. सुरुवातीला दोन्ही वाहतूक एकाच तारेवर होती आणि सेफ डेटा हलवायला लागला की कोरोसिंकचे संदेश उशिरा पोचून नोड एकमेकांना हरवून बसायचे. कोरोसिंकला बँडविड्थ जवळपास लागतच नाही, पण विलंब ५ मिलिसेकंदांच्या आत हवा. तार वेगळी केल्यापासून ती तक्रार पुन्हा दिसली नाही.

हा सगळा खटाटोप मामाच्या काजूच्या कारखान्यासाठी आहे. तिथं बिलिंग आणि गोदामाचा हिशेब एकाच जुन्या संगणकावर चालतो. तो बंद पडला की हंगामात ट्रक दारात उभे राहतात. त्याच्याकडे बसवण्याआधी घरी सगळं मोडून बघायचं, असं ठरवलं होतं.

मृगाच्या आधीच्या आठवड्यात पहिली परीक्षा घेतली. नोड २ वर एक व्हर्च्युअल मशीन चालू असताना त्याची केबल भिंतीतून उपटली. पहिली वीसेक सेकंदं इतर मशीनचं काही लिखाणही थबकलं, कारण हरवलेली डिस्क खरोखर गेली हे ठरवायला सेफ तेवढा वेळ घेतो. मग ते सुरळीत झालं. बंद पडलेलं मशीन नोड १ वर उठायला घड्याळात सव्वादोन मिनिटं लागली. हा वेळ वाया गेलेला नसतो. जुना नोड नक्की मेला आहे याची खात्री होईपर्यंत प्रॉक्समॉक्स थांबतं, कारण एकच मशीन दोन ठिकाणी चालू झालं तर डिस्कवरचा डेटा खराब होतो. ग्राहकाला हे आधीच सांगायला हवं. 'बंद पडणारच नाही' असं मी मामाला सांगितलं नाही, 'दोन-तीन मिनिटांत आपोआप उठेल' असं सांगितलं.

आता जागेचा हिशेब, कारण इथं बरेच जण फसतात. एकूण सहा डिस्क म्हणजे २८८० जीबी. तीन प्रती ठेवायच्या म्हणून उरतात ९६०. पण नोडमधली एक डिस्क गेली तर तिचा डेटा त्याच नोडच्या दुसऱ्या डिस्कवर यायला हवा, कारण बाकीच्या दोन नोडवर आधीच एकेक प्रत आहे. डिस्क ८५ टक्के भरली की सेफ इशारा देतो. म्हणजे ४८० ची एकच डिस्क धरून ४०८ जीबी. माझ्या लेखी या क्लस्टरची खरी क्षमता ४०० जीबी आहे आणि मामाला मी तोच आकडा दिला. अख्खा नोड गेला तर तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही, क्लस्टर दोन प्रतींवर चालत राहतो. स्वतःहून पूर्ण बरा व्हायचा असेल तर चौथा नोड लागतो.

आर्द्रेतली ती रात्र. साडेअकराच्या सुमारास वीज कडाडली, शेजारच्या माडाची चुडती तारांवर पडली आणि करंट गेला. मी निश्चिंत होतो, दोन यूपीएस होते. नोड १ आणि २ एका यूपीएसवर, नोड ३ दुसऱ्यावर. पहिल्याची बॅटरी जुनी झाली होती. दोन यंत्रांचा भार आल्यावर ती मिनिटभरही टिकली नाही आणि दोन्ही नोड एकदम विझले.

नोड ३ चा यूपीएस ठणठणीत होता. तरी बरोबर एका मिनिटात तोही स्वतःहून रीबूट झाला. त्या क्षणी धस्स झालं, पण ते अगदी योग्य वागणं होतं. तीन मतांपैकी त्याच्याकडे एकच उरलं होतं, क्वोरमला, म्हणजे बहुमताला, दोन लागतात. क्वोरम नसताना एचएखालची (नोड पडला तर आपोआप दुसरीकडे उठणारी) मशीन चालवत राहायचा त्याला अधिकार नाही, म्हणून वॉचडॉग या पहारेकरी टायमरने ६० सेकंदांनी त्याला खाली पाडलं. सेफनेही लिखाण थांबवलं होतं, कारण किमान दोन प्रती जिवंत असल्याशिवाय लिहायचं नाही अशी सेटिंग आहे. ती एकवर आणा म्हणजे क्लस्टर 'चालू' राहील, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. माझी कळकळीची विनंती आहे, आणू नका. एकाच प्रतीवर लिहिलेलं त्या डिस्कबरोबर जातं.

चाळीस मिनिटांनी करंट आला. नोड १ आपोआप उठला, नोड ३ होताच, दोन मतं झाली आणि मशीन सुरू झाली. नोड २ मात्र उठेना. त्याच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे 'वीज आली की चालू हो' ही बायोसची सेटिंग पुसली गेली आणि घड्याळही मागे गेलं. बटण दाबून उठवल्यावर त्यातला सेफचा मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारा प्रोग्राम) बाकीच्यांत सामील होईना. मॉनिटरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की सेफ कुरकुर करतो, इथं तर फरक वर्षांचा होता. इंटरनेटची फायबर त्याच वादळात तुटली होती, त्यामुळे बाहेरून वेळ घ्यायची सोय नव्हती. शेवटी नोड १ ला घरातला वेळेचा सर्व्हर केला आणि बाकीचे दोघे त्याच्याकडून वेळ घ्यायला लागले. ती व्यवस्था आता कायमची आहे. सेलही तिन्ही यंत्रांत नवे घातले.

पहाटे तीनला सगळ्या प्रती एकमेकींशी ताडून बघणारी खोल तपासणी लावली. एकही विसंगती सापडली नाही. सगळ्या प्रती डिस्कवर उतरल्याशिवाय सेफ 'लिहिलं' म्हणत नाही आणि या डिस्कमध्ये वीज गेल्यावर आतलं लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर आहेत. ही दोन वाक्यं मी कित्येकदा वाचली होती. त्या रात्री पडद्यावरचा शून्य बघून मला अक्षरशः रडू आलं.

मग चूक कुठं झाली? सेफच्या क्रश नकाशात, म्हणजे कुठली प्रत कुठं ठेवायची ते ठरवणाऱ्या आराखड्यात, होस्ट (एकेक यंत्र), रॅक, अगदी पीडीयूपर्यंतच्या (वीज वाटणाऱ्या पट्टीपर्यंतच्या) पायऱ्या तयार असतात. प्रती वेगवेगळ्या होस्टवर ठेवा, हे मी त्याला सांगितलं होतं आणि त्यानं ते चोख पाळलं. दोन होस्ट एकाच बॅटरीवर आहेत हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि तीनच नोडमध्ये दोन एका बॅटरीवर असले तर कुठलाच नकाशा वाचवू शकत नाही. क्लस्टरची आखणी मी नेटवर्कपासून सुरू केली होती. ती मीटरच्या पेटीपासून सुरू करायला हवी होती.

पुनर्वसूत तेच केलं. आमच्या घरात तीन फेज आहेत आणि पावसाळ्यात त्यातली एखादी जाणं नेहमीचंच. वायरमनला बोलावून तीन खोल्यांतली कनेक्शनं कुठल्या फेजवर आहेत ते तपासलं, अर्थिंग मोजून घेतलं, कारण तिन्ही यंत्रं तांब्याच्या केबलींनी जोडलेली आहेत. आता प्रत्येक नोडला वेगळी फेज आणि वेगळा यूपीएस आहे. नोड ३ च्या यूपीएसवर भार अर्धा असताना बॅटरी किती टिकते, ते महिन्यातून एकदा लिहून ठेवतो. दमटपणासाठी काही खास केलं नाही. सतत चालू असलेलं यंत्र आतून उबदार आणि कोरडं राहतं. सुटी ठेवलेली कार्डं मात्र सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात गेली.

परवा बाबांना सांगितलं, मला न सांगता कुठलीही एक फेज पाडा. त्यांनी जेवणाच्या वेळेला पाडली. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद झाला म्हणून आईनं हाक मारली, तेव्हा मला कळलं. नोड १ यूपीएसवर गेला होता, बाकी काही हललं नव्हतं. मग त्याच यूपीएसचं बटणही त्यांनी बंद केलं. नोड १ वरचं मशीन दुसरीकडे उठायला दोन मिनिटं दहा सेकंद.

मामाकडे जायचं चवथीच्या आधी. यंत्रं नंतर नेईन. आधी वायरमन आणि मी एक दिवस नुसती त्याची मीटरची पेटी बघायला जाणार आहोत, कारण काजू भाजायच्या यंत्रांची मोटार चालू होताना तिथं कुठल्या फेजवर विजेचा दाब किती उतरतो, हे मला कागदावर हवं आहे.