बाबांच्या दोन गोळ्या

फोंड्याच्या घरी बाबा रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठत. संकोचामुळे त्यांनी ते दोन वर्षे लपवले, याचे मला अजून वाईट वाटते. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, तेव्हा दोन कशासाठी, हे मी शोधून वाचले. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एमटॉप्स चाचणीत 3,047 पुरुष होते; स्नायू सैल करणारी डॉक्साझोसिन आणि ग्रंथी हळूहळू आकसवणारी फिनास्टेराइड एकत्र घेणाऱ्यांत आजार बळावण्याचा धोका, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, 66 टक्क्यांनी घटला. फिनास्टेराइडमुळे रक्तातील पीएसए (प्रोस्टेट कर्करोगाच्या तपासणीत मोजले जाणारे प्रथिन) साधारण निम्मे होते, म्हणून कर्करोगाच्या तपासणीवेळी ही गोळी चालू असल्याचे सांगावेच लागते. बाबांच्या फाइलवर मी ते लाल शाईने लिहिले आहे.