उपवासाचं ताट निळं पडतं

एकादशीच्या ताटावर आयोडीनचे थेंब टाकत गेलं तर जवळजवळ सगळंच काळंनिळं पडतं. साबुदाणा, बटाटा, वरईचा भात, शिंगाड्याची पुरी. शेंगदाण्याचं कूट जेमतेम डागाळतं आणि दही तेवढं निर्दोष सुटतं. उपवासाला धान्य वर्ज्य, स्टार्च नव्हे, हे आयोडीनला कोण समजावणार!

स्टार्च ओळखण्याच्या या चाचणीला सामान फारसं लागत नाही. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन एक भाग आणि पाणी दहा भाग. कोऱ्या चहाचा फिका रंग यायला हवा. तसंच दाट वापरलं तर आयोडीनचा स्वतःचा तपकिरी रंगच सगळीकडे माखतो आणि खालचा निळा दिसेनासा होतो. बटाट्याच्या ताज्या फोडीवर एक थेंब टाकला की काही सेकंदांत तिथे शाई सांडल्यासारखं होतं. पीठ असेल तर आधी चमचाभर पाण्यात कालवून घ्यावं, कोरड्या पिठावर रंग धड उमटत नाही.

फ्रान्समध्ये कुर्त्वा या रसायनज्ञाला समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं ते १८११ साली, आणि १८१४ मध्ये स्टार्चशी जमणारा हा निळा रंग नोंदलाही गेला. स्टार्चमधल्या अमायलोजची लांब साखळी मळसूत्रासारखी पीळ घेते. त्या पिळाच्या पोकळीत आयोडीन ओळीने जाऊन बसलं की निळा रंग दिसतो. दुसरा घटक अमायलोपेक्टिन. तो फांद्याफांद्यांचा, त्याचे पीळ आखूड, म्हणून त्याचा रंग तांबूस-जांभळा. आसामच्या बोरा साउलसारख्या चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच. तो भात लालसर तपकिरी होतो आणि नवशिक्याला वाटतं, चाचणी फसली.

खरी फसते ती दुसरीकडे. वाफाळत्या पेजेत थेंब टाकला तर काहीच होत नाही, कारण उष्णतेने पीळ सैल पडतात. तीच पेज निवू द्यावी, निळा रंग आपोआप येतो. लिंबू पिळलेल्या पदार्थातही थेंबाचा रंग उडतो, कारण क जीवनसत्त्व आयोडीनलाच रंगहीन करून टाकतं. थेंब पुरेसे वाढवले की ते संपतं आणि मग स्टार्च बोलायला लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ भेसळीच्या बाबतीत होतो. खव्यात किंवा पनीरमध्ये स्टार्च घातलाय का, हे या चाचणीने छान कळतं: थोडा नमुना पाच मिली पाण्यात उकळायचा, पूर्ण थंड करायचा, मग टिंक्चरचे दोन-तीन थेंब. दुधात स्टार्चला काही काम नाही, त्यामुळे इथे निळा म्हणजे भेसळच. पण हिंगाच्या डबीवर थेंब टाकून आरडाओरडा करू नये. बांधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ उघडपणे असतंच, डबीवर तसं छापलेलंही असतं. काजूकतलीचंही तेच. काजूत स्वतःचा भरपूर स्टार्च आहे, ती निळी पडली तर काजूवाल्याला दोष देता येत नाही.

केळ्यावर ही चाचणी सुंदर दिसते. कच्च्या केळ्याची चकती सबंध काळी होते. पिकत जाईल तसा स्टार्चचा साखरेत बदल होत जातो, आणि सालीवर ठिपके आलेल्या केळ्याची चकती जेमतेम डागाळते. सफरचंदाच्या बागांत तोडणी कधी करायची ते असंच ठरवतात: फळ आडवं कापून आयोडीनमध्ये बुडवायचं आणि किती भाग पांढरा राहिला ते तक्त्याशी ताडून पाहायचं.

गेलेल्या स्टार्चची साखर झाली का, हे मात्र आयोडीन सांगत नाही. त्यासाठी बेनेडिक्टचा द्राव. मोरचूद (तांब्याचा क्षार), सोडियम सायट्रेट आणि धुण्याचा सोडा यांचं हे निळं पाणी. रक्तातली साखर घरी मोजणाऱ्या पट्ट्या येण्याआधी मधुमेह्यांची लघवी यानेच तपासत. पाच मिली द्रावात नमुन्याचे आठ-दहा थेंब घालायचे आणि परीक्षानळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं उभी ठेवायची. नळी थेट ज्योतीवर धरली तर द्राव उसळून अंगावर येतो. साखर थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटकरी गाळ.

इथे हळदीपासून सावध राहावं. द्राव अल्कधर्मी असतो, आणि साबण लागल्यावर कपड्यावरचा हळदीचा डाग जसा लाल होतो तसंच वरणाचं नळीत होतं, तेही न तापवता. म्हणून एक नळी थंडच ठेवून तुलना करावी. हळदीची लाली पाण्यात पसरलेली असते. साखरेचा विटकरी मात्र तळाशी बसतो.

आणि गंमत म्हणजे, डब्यातली पांढरी साखर या परीक्षेत नापास! मध, द्राक्षं, इतकंच काय साधं दूधसुद्धा रंग देतं, पण साखरेचं पाणी निळंच राहतं. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जी टोकं तांब्याशी भिडायची, तीच एकमेकांत अडकलेली असतात. ती सोडवायला पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून पाच मिनिटं उकळायचं, मग फेस यायचा थांबेपर्यंत चिमटी-चिमटीने खाण्याचा सोडा घालायचा आणि त्यानंतरच बेनेडिक्ट. सोड्याची पायरी गाळली तर उरलेलं आम्ल द्रावाची अल्कता मारून टाकतं आणि साखर असूनही निळाच रंग दिसतो. गुळाला हा खटाटोप लागत नाही. त्यात थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज मोकळंच असतं, तो पहिल्याच फेरीत रंग देतो.

तपासलेला घास मात्र कचऱ्यात. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे या कामाचे चमचे-वाट्या वेगळ्या ठेवाव्यात. ओट्यावर आयोडीन सांडलं तर लिंबाची फोड घासावी, डाग जातो.