तुम्ही विचारलंत म्हणून: गॅलरीतली मातीविना भाजी

नेरुळच्या आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की थोड्याच दिवसांत विचारणा होते. “तुमच्या गॅलरीत ती पाण्यावरची भाजी आहे ना, ते हायड्रोपोनिक्स, आम्हीही करावं का? परवडतं का? आणि केमिकल नसतं ना त्यात?” शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बहुतेकांचा उत्साह त्याच्यावरच उभा असतो.

केमिकल असतं, आणि भरपूर असतं. माती काढून टाकली की नत्र, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हे सगळं क्षारांच्या रूपात पाण्यातूनच द्यावं लागतं. बाजारात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या मिळतात. ती काही विक्रीची युक्ती नव्हे. एकीत कॅल्शियम नायट्रेट असतं, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली तर क्षणात पाणी दुधट होतं आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो साका मुळांच्या काही कामाचा नाही. म्हणून बादलीभर पाण्यात आधी एक ढवळायचं, मग दुसरं. आता यात घाबरण्यासारखं काही नाही. शेणखतातलं नत्रसुद्धा झाड मुख्यतः नायट्रेट झाल्यावरच घेतं. पण “अगदी ऑरगॅनिक हं” असं सांगून शेजारी जुड्या वाटू नयेत. फायदा आहे तो वेगळाच. फवारणी करायची की नाही ते आपल्या हातात राहतं आणि पाणी कुठलं आहे ते माहीत असतं. मुंबई लोकलच्या हार्बर लाइनच्या रुळांकडेला सांडपाण्यावर पिकलेला माठ-पालक खिडकीतून पाहिलेल्यांना एवढं पुरे.

परवडत मात्र नाही. वाशीचं एपीएमसी, म्हणजे घाऊक भाजीबाजार, जवळच असताना पालकाच्या जुडीशी स्पर्धा करून पाइप, पंप, पाण्याची आम्लता (पीएच) आणि त्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजायची मीटरं यांचे पैसे कधी वसूल व्हायचे? लेट्यूस, बेसिल असल्या महागड्या पानांचा हिशेब जरा बरा बसतो. पाणी कमी लागतं हे खरं, कारण खाली झिरपून काही जात नाही. पण चार टोपल्यांच्या बागेत त्याने पाण्याचं बिल काही उतरत नाही.

खरी अडचण आपली हवा आहे, आणि तीच कोणी सांगत नाही. किटच्या खोक्यावर हिरव्यागार लेट्यूसचा फोटो असतो. ते थंडीचं पीक. त्याच्या मुळांना साधारण वीस अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गॅलरीतल्या टाकीचं पाणी तीस अंशांच्या वर सहज जातं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास राहू शकतो, तीसला साडेसात. आणि नेमकी तेव्हाच मुळांची गरज वाढलेली असते. झाकण उचलून बघा. निरोगी मुळं पांढरी, बारीक तंतूंची असतात. बिघडलेली तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. कुबट वास येतो तो वेगळाच. त्यात पिथियम नावाचा बुरशीसारखा रोगजंतू शिरला की पुढे फार काही वाचवता येत नाही. बर्फाच्या बाटल्या सोडणारे लोक मला माहीत आहेत. मे महिन्यात सॅलडसाठी एवढी सेवा कोणी करावी!

म्हणून लेट्यूस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात देशी पालक लावा, तो बीटाच्या कुळातला असल्याने विलायती पालकापेक्षा उष्णता सोसतो. लाल माठ, पुदिना, बेसिलही चालतात, आणि नाळीची भाजी तर पाण्यातलीच. पावसाळ्यात ऊन नसल्यामुळे रोपं लांबुडकी, लेचीपेची होतात. मी तेव्हा सरळ सुट्टी घेते.

पाइपांची ती देखणी शिडी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मुळांखालून पाण्याचा नुसता पातळ थर वाहतो. मेमधल्या दुपारी वीज गेली आणि पंप थांबला की काही तासांत पानं माना टाकतात. त्यापेक्षा अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले संशोधक क्रॅटकी यांची बिनपंपाची पद्धत घ्या. झाकणाचा डबा, झाकणाला भोक, त्यात जाळीचा कप, तळ पाण्याला टेकलेला. झाड पाणी पीत जातं, पातळी उतरते, आणि मधल्या मोकळ्या जागेतली मुळं हवेतून श्वास घेतात. म्हणूनच कळवळून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. ती हवेतली मुळं गुदमरतात. डबा पारदर्शक नको, नाहीतर आत शेवाळ माजतं. लेट्यूसचं एक झाड चार-पाच लिटरांत आरामात होतं, मग नाताळच्या सुट्टीत गावी गेलात तरी बाल्कनीतल्या रोपांसाठी शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायला नको.

डासांचं मात्र गंभीरपणे घ्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं महापालिका सांगते, आणि ही बाग तर कोरडी ठेवताच येत नाही. रिकाम्या भोकात स्पंज कोंबा, झाकण घट्ट बसवा. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटवतो आणि ती कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे पीक निघालं की डबा नुसता ओतून भागत नाही, आतून घासायचा. उरलेलं पाणी कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीत घाला. आणि शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. ती बाहेरच्या ग्रिलवर ठेवायचा विचारही नको.

टोमॅटो? भरपूर ऊन, आधार, वर फुलं हलवून परागसिंचन. पहिल्या वर्षी नाहीच.

खरेदीआधी एका सुट्टीच्या दिवशी गॅलरीत थेट ऊन किती तास येतं ते घड्याळ लावून बघा. चार तास तरी हवेत. तेवढं नसेल तर एका पसरट ट्रेमध्ये धुतलेली वाळू घ्या, तळाला भोकं पाडा आणि वाण्याकडची मेथी भिजवून दाट पेरा. समुद्रमेथी अशीच वाळूत होते. दोनेक आठवड्यांत कापायला येते, बियांतल्याच साठ्यावर वाढते, आणि तिला ना ‘ए’ लागतं ना ‘बी’. वाळू तेवढी नीट धुवा, नाहीतर भाजी दाताखाली करकरते.