पांढरा ओएलईडी: लाल रंग जपून घाला

पांढऱ्या ओएलईडीत, म्हणजे वीज दिली की प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय थरांच्या दिव्यात, लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून पांढरा होतो. त्यात बहुतेकांचं लक्ष निळा रेणू किती टिकतो यावर असतं. ते बरोबरच आहे, पण पहिल्या नमुन्यात रंग बिघडवतो तो लालच. लाल रेणूची ऊर्जापातळी सर्वांत खाली असल्याने शेजारच्या निळ्या-हिरव्या रेणूंची ऊर्जा तो ओढून घेतो. म्हणून लालचं प्रमाण कमी ठेवा किंवा थरांमध्ये २-३ नॅनोमीटरचा निव्वळ होस्टचा (रंगीत रेणू ज्यात मिसळतात त्या मूळ पदार्थाचा) पडदा घाला.

आयटीओची (पारदर्शक विद्युतवाहक थराची) काच साबणाचं पाणी, अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने अल्ट्रासॉनिकमध्ये प्रत्येकी १५ मिनिटं धुवा, मग यूव्ही-ओझोनने (अतिनील प्रकाश आणि ओझोन वायूने) स्वच्छ करा. इथे घाई नको: सगळे सेंद्रिय थर मिळून १००-१५० नॅनोमीटर भरतात, धुळीच्या एका कणानेही शॉर्ट होतो. सेंद्रिय थर सेकंदाला साधारण ०.१ नॅनोमीटर वेगाने चढवा. शेवटी लिथियम फ्लोराइड १ नॅनोमीटर, त्यावर अ‍ॅल्युमिनियम १०० नॅनोमीटर. लिथियम फ्लोराइड जाड झालं तर ते विद्युतरोधकच असल्याने व्होल्टेज चढतं.

व्होल्टेज वाढवताना पांढरा निळसर होत गेला, तर पुनर्संयोगाची (धन आणि ऋण भार एकत्र येऊन प्रकाश होण्याची) जागा सरकते आहे किंवा लालचे सापळे (भार अडकवणारे लाल रेणू) भरले आहेत.

सीलबंद करणं नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीत), ओलावा शोषणाऱ्या पट्टीसह. ओलावा शिरला की काळे ठिपके पसरतात.

एवढं करूनही साध्या काचेतून जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर येतो, बाकीचा थरांत आणि काचेत अडकतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधक गटाने २००९ मध्ये जास्त अपवर्तनांकाची काच वापरून वॉटला ९० लुमेन गाठले, ते मला आजही विलक्षण वाटतं.